वेशभूषेचा पत्रव्यवहार

नाटकाची संहिता छापली जाते, नटाच्या अभिनयाची वर्णने समीक्षक लिहून ठेवतात, पडद्यांची चित्रे क्वचित एखाद्या संग्रहालयाच्या आश्रयाला जातात. परंतु पात्राच्या अंगावर अमुकच रंगाचा आणि अमुकच बेताचा पोशाख का चढला, याचे कारण या तिहींपैकी कशातही सापडत नाही. ते सापडते वेशकल्पकाने मंडळीच्या मालकाला, शिवणकाम करणाऱ्यांना आणि नटनटींना लिहिलेल्या पत्रांत. आणि ही पत्रे व्यवहाराची, त्यांत मापे, दर, तगादे आणि तक्रारी यांचाच भरणा, एवढ्या सबबीवर त्यांना वाङ्मयाच्या पंक्तीत बसू न देण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो मला सर्वथैव अन्यायाचा वाटतो.

या लेखनाचा एक बोलका नमुना एडवर्ड विल्यम गॉडविन या इंग्रज वास्तुविशारदाने मागे ठेवला आहे. १८३३ मध्ये ब्रिस्टलला जन्मलेल्या आणि तिशीच्या आतच नॉर्दम्प्टनच्या नगरभवनाचा आराखडा करून नावारूपास आलेल्या या गृहस्थाने १८७४-७५ मध्ये ‘द आर्किटेक्ट’ या नियतकालिकात शेक्सपिअरच्या नाटकांतील वास्तू आणि वेश यांवर एक लेखमाला लिहिली, आणि १८७५ मध्ये बँक्रॉफ्ट दांपत्याने ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांना सल्लाही त्यानेच दिला. गल्ल्याच्या दृष्टीने तो प्रयोग पडला. एलेन टेरी या नटीची पोर्शिया मात्र गाजली. पुढे १८८३ च्या डिसेंबरात विल्सन बॅरेट या नट-व्यवस्थापकाने लंडनच्या प्रिन्सेस नाट्यगृहात ‘क्लॉडियन’ हे नाटक काढले, त्या निमित्ताने इसवी सन ३६० ते ४६० या काळातील वास्तू आणि पोशाख यांचे विवेचन गॉडविनने बॅरेटला उद्देशून लिहिलेल्या एका पत्रात केले, आणि ते पत्र पुस्तिकारूपाने छापलेही गेले.

या पत्राचे महत्त्व त्यातील पांडित्यात आहे असे सामान्यतः समजले जाते. माझे मत निराळे आहे. ‘क्लॉडियन’चा नायक शापामुळे चिरतरुण राहिलेला, आणि नाटकाचा पूर्वरंग व पुढील कथानक यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर. ज्याच्या मुखावर काळाची एकही रेषा उमटत नाही अशा पुरुषाभोवती शतक उलटले हे प्रेक्षकाला कळावे कशाने? संवादातून सांगितलेली वर्षे कानावरून निघून जातात; पण त्याच्या भोवतालच्या जनसमुदायाचे कापड, किनार आणि बांधणी बदलली, तर तो एकटाच मागे राहिला आहे हे शब्दावाचून डोळ्यांना पटते. म्हणूनच ३६० आणि ४६० हे दोन आकडे एकत्र मांडणारा वेशकल्पक पुराणवस्तूंचा हिशेब देत नसून नाटकाचा अर्थच लावीत असतो, आणि ते कार्य टीकाकाराच्या कार्याहून कोणत्याही प्रकारे कनिष्ठ नव्हे.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे, की ग्रंथातील सत्य रंगमंचावर सत्य ठरेलच असे नाही. १८७८ मध्ये लायसियम नाट्यगृहात नट-व्यवस्थापक आयर्व्हिंग याच्या ‘हॅम्लेट’ची तयारी चालली असता एलेन टेरीने ऑफेलियाच्या वेडाच्या प्रवेशासाठी काळा पोशाख योजला होता, मंडळीचा सल्लागार, वयोवृद्ध नट वॉल्टर लेसी, याने तो बेत ऐकताच आठवण दिली की या नाटकात काळे वस्त्र एकाच्याच अंगावर शोभते, आणि तो हॅम्लेट. टेरीने पांढरा पोशाख घातला. डेन्मार्कच्या इतिहासाचे कितीही दप्तर चाळले तरी हा निर्णय त्यात मिळणार नव्हता, कारण तो एका पोशाखाचा दुसऱ्या पोशाखाशी असलेल्या संबंधाचा निर्णय होता. वेशकल्पकाच्या पत्रव्यवहारात अशा संबंधांची चर्चा, हट्ट, माघार आणि तडजोड यांसह नोंदली जाते. आक्षेपाचे उत्तर त्या पत्रव्यवहारातच आहे.

गॉडविन आणि टेरी यांचा पुत्र एडवर्ड गॉर्डन क्रेग याने वडिलांचा ऐतिहासिक यथार्थतेचा मार्ग सोडला; मॉस्को आर्ट थिएटरच्या १९१२ च्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याने राजा आणि दरबार मिळून एकच अवाढव्य सोनेरी वस्त्र पांघरविले, त्यातून केवळ मस्तके वर दिसत. आणि तरीही आपल्या ‘द मास्क’ या नियतकालिकात वडिलांचे ते जुने लेख त्याने पुन्हा छापले. ज्याचा सिद्धांत आपण टाकला त्याचे कागद मात्र टाकू नयेत, ही समज त्याला होती.

कागद राहिले नाहीत तर काय होते? १८८८ च्या ‘मॅकबेथ’साठी अ‍ॅलिस कॉमिन्स कार हिने कल्पिलेला आणि नेटलशिपबाईंनी तयार केलेला टेरीचा हिरवा झगा आज केंटमधील स्मॉलहाइद येथे आहे, चिलखताची आणि सर्पाच्या खवल्यांचीही आठवण व्हावी अशा त्याच्या विणीवर खरेखुरे हिरवे भुंगेऱ्यांचे पंख टाचलेले आहेत. टेरीने कन्येला त्या वेळी लिहिलेल्या पत्रात, छायाचित्रांवरून या पोशाखाची काहीच कल्पना येत नाही, त्याचे सारे वैभव रंगात आहे, असे कळविले आहे. हे एक वाक्य नसते तर त्या काळच्या करड्या छायाचित्रांवरूनच आपण न्याय देत बसलो असतो. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या या झग्याच्या डागडुजीला सुमारे १ लाख १० हजार पौंड लागले, आणि नंतरच्या फेरफारांखाली दडलेल्या मूळ बाह्या व मागे लोळणारा घोळ नव्याने साधावा लागला.

म्हणून नाट्यप्रयोगाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांनी वेशकल्पकाच्या पत्रांना परिशिष्टात टाकू नये, संहितेच्या समोरील पानावर त्यांना जागा द्यावी; आणि शिंप्याची बिले, नाकारलेले कापडाचे नमुने, मालकाने खर्चाकरिता खोडलेल्या ओळी यांना त्यातून गाळू नये, कारण लेखकाने लिहिलेले नाटक आणि प्रेक्षकाने पाहिलेले नाटक यांमधील अंतर नेमके त्या खोडलेल्या ओळींत मोजता येते.