ढिगाऱ्यापाशी थांबलेला शेजारी

बांधकाम कोसळून माणसे दगावल्याची एक वार्ता लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आली आहे. शिलोहचा बुरूज पडला आणि त्याखाली अठराजण मेले. ते अठराजण यरुशलेमेतील इतर रहिवाशांपेक्षा अधिक पापी होते की काय, असा प्रश्न लोकांच्या मनात घोळत होता आणि प्रभू येशूने त्याला स्पष्ट नकारार्थी उत्तर दिले. संकटात सापडलेल्या माणसाच्या कपाळी पापाचा शिक्का मारणाऱ्यांची तोंडे खरे तर त्याच दिवशी बंद व्हावयास हवी होती. ती आजही झालेली नाहीत, ही गोष्ट वेगळी. बुरूज पडला तेव्हा आसपासचे लोक काय करीत होते, हे मात्र लूक सांगत नाही. कोणीतरी नक्कीच धावले असेल. नुसत्या हातांनी दगड उपसले असतील. त्या अठरांतले एक-दोघे मागाहून मदतीला आलेलेही असू शकतील.

हा तर्क मनात येण्याचे कारण आहे. अलीकडे आपल्या धर्मग्रामातील काही गृहनिर्माण सोसायट्यांमधून, आपत्ती ओढवल्यास रहिवाशांनी काय करावे याच्या प्रशिक्षणाची चर्चा होऊ लागली आहे. त्या प्रशिक्षणाचा पहिला धडा 'धाव' असा नसून 'थांब' असा असतो. थांब, पाहा, धोका किती ते जोख, आणि इमारत कधीही बसेल अशी असेल तर आत जाऊच नकोस. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, असे लहानपणापासून शिकलेल्या ख्रिस्ती माणसाने हे कसे पचवावे? दुसऱ्याची किंकाळी कानावर पडत असता हाताची घडी घालून उभे राहायला शिकविणारी ही विद्या आहे काय? प्रश्न नैतिक आहे आणि तो अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने सोडवावा, अशी अपेक्षा धरता येणार नाही.

या विद्येचा उगम एका कॅथलिक शहरातल्या दुःखात आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी मेक्सिको सिटीला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. त्लातेलोल्को वसाहतीतील नुएवो लिओन नावाच्या बहुमजली निवासी इमारतीचा मोठा भाग आडवा झाला आणि शेकडो रहिवासी काँक्रीटखाली गेले. सरकारी यंत्रणा भांबावलेली होती. अशा वेळी सामान्य माणसे पुढे आली: विद्यार्थी, कामगार, गृहिणी, बसचालक. प्लासिदो दोमिंगो हा जगप्रसिद्ध गायक आपल्या आप्तांचा शोध घेत त्याच ढिगाऱ्यावर धूळ खात उभा होता. कोणालाही बचावकार्याचे शिक्षण नव्हते. या अशिक्षित स्वयंसेवकांनी सुमारे ८०० माणसांना जिवंत बाहेर काढले, असे सांगितले जाते. आणि ते करताना त्यांच्यातीलच सुमारे १०० जणांनी प्राण गमावले, असेही त्याच्यापुढे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा एक जबर धक्का बसला, तेव्हा अनेकजण ढिगाऱ्यांच्या पोकळ्यांत होते.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आठशे घरांत दिवा पुन्हा लागला, हे त्या लोकांचे पुण्य. पण शंभर घरांत अंधार झाला, आणि त्यातील पुष्कळसा टाळता आला असता. लॉस अँजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने हा हिशेब मांडला आणि रहिवाशांनाच शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. १९८७ च्या व्हिटियर नॅरोज भूकंपानंतर तो वाढला आणि १९९३ पासून अमेरिकाभर पसरला. आपल्याकडे 'आपदा मित्र' या नावाने स्वयंसेवकांना शिकविण्याची केंद्र सरकारची योजना २०१६ साली सुरू झाली. नागरी संरक्षण दल तर त्याआधीपासूनचे आहे.

मेक्सिकोच्या त्या स्वयंसेवकांतूनच पुढे 'तोपोस' नावाची पथके उभी राहिली. जमीन पोखरत जाणाऱ्या एका छोट्या प्राण्याचे ते नाव. ही माणसे नंतर परदेशांतल्या ढिगाऱ्यांवरही गेली. बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी, जुन्या भूकंपाच्या स्मरणार्थ शहरात सराव झाला आणि अवघ्या दोन-अडीच तासांत खरा भूकंप आला. त्या वेळी ढिगाऱ्यावर कोणी मूठ वर केली की शेकडो माणसे एका क्षणात गप्प होत. यंत्रे थांबत. खालून एखादा क्षीण आवाज येतो काय, हे ऐकण्यासाठी. मला हे दृश्य मिस्सामधील पवित्र शांततेपेक्षा फार दूरचे वाटत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण मेले. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ जण गेले. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की मोठी यंत्रे आत शिरेनात. आरंभीचे तास हातांनीच मलबा उपसावा लागला. भूकंप नाही, वादळ नाही. नित्याच्या जगण्यातली माणसे. वसईच्या वाड्यांमधून वाढलेल्या आपल्या पिढीला आग म्हटले की गवताची गंजी आणि विहिरीवरून घागरींची रांग आठवते. त्या रांगेला कोणी प्रशिक्षण दिले नव्हते हे खरे, पण गंजी कोसळून माणसावर चार मजले येत नसत. वाडी गेली, फ्लॅट आला. संकटाची जात बदलली, मदतीची रीत मात्र आपण जुनीच बाळगून आहोत.

प्रशिक्षणात शिकवितात ते वरवर पाहता किरकोळ असते. स्वतः सुखरूप आहोत हे आधी पाहा. गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य खटका बंद करा, काडी ओढू नका, लिफ्टला हात लावू नका. एकट्याने कधीही आत जाऊ नका, जोडीने जा. आणि बाहेर एकाने तुमची नावे लिहून उभे राहावे. स्लॅब पहारीने उचलायची झाली, तर ती थोडीशीच उचलावी आणि लगेच खाली आडवे-उभे लाकडी ठोकळे सरकवावेत. मग पुन्हा थोडी. घाईने एकदम उचललेली स्लॅब सुटली, तर खालचाही जातो आणि उचलणारे हातही जातात.

एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटली. जड वजनाखाली अनेक तास दबलेल्या माणसाचे स्नायू मृतप्राय होतात. वजन एकाएकी दूर केले, की त्यांतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे व हृदय बंद पाडू शकतात. बॉम्बवर्षावात सापडलेल्या रुग्णांवरून लंडनमधील डॉक्टरांनी १९४१ साली याचे वर्णन केले. म्हणून वैद्यकीय मदत जवळ असेल तर बाहेर ओढण्यापूर्वी डॉक्टरला बोलवावे, असे शिकवितात. म्हणजे पाहा, अत्यंत प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून ओढलेला हातही मारू शकतो. प्रेमाची भावना शुद्ध असली की कृती आपोआप शुद्ध होते, या समजुतीला येथे तडा जातो.

ख्रिस्ती नीतिशास्त्राने ती समजूत कधीच मान्य केलेली नाही. विवेक हा सद्गुणांचा सारथी, अशी आपली परंपरागत शिकवण आहे. सारथी हा शब्द आपल्या मातीत कोणाला समजावून सांगावा लागू नये. तो लगाम हाती धरतो, घोडे सोडून देत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभूपुढे आला तेव्हा त्याने ती टाकली नाही. देव झेलेल या भरवशावर धोक्यात उडी घेणे म्हणजे श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होय. डोक्यावर हेल्मेट न घालता, गळ्यात रोझरी आहे म्हणून ढिगाऱ्यात शिरणाऱ्या तरुणाला मी हीच गोष्ट सांगेन.

पण येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मित्रासाठी प्राण देणे हीच प्रेमाची परिसीमा, असे प्रभूनेच योहानच्या पंधराव्या अध्यायात शिकविले आहे. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत, उपासमारीने मरण्यासाठी निवडल्या गेलेल्या फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक या कैद्याची जागा घेतली. ते हिशेब करीत बसले काय? माझ्या मते त्यांनी अत्यंत चोख हिशेब केला होता. आपण गेलो तर तो वाचेल, हे त्यांना समोर दिसत होते. आणि तो वाचलाही, १९९५ पर्यंत जगला. कोल्बे यांनी एक जीव देऊन दुसरा विकत घेतला. कलंडलेल्या इमारतीत आंधळेपणाने शिरणारा माणूस जीव तर देतो, पण मोबदल्यात काही मिळते असे नाही. उलट त्याला शोधण्यासाठी तिसऱ्याला आत जावे लागते. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनातही, दुसऱ्यासाठी देह पणाला लावणे हे प्रत्येकावर प्रत्येक प्रसंगी असलेले बंधन नाही. आपखुशीने तसे करणे ही प्रेमाची पूर्णता आहे. ही पूर्णता कोणी कोणावर लादू शकत नाही, तुकडीचा प्रमुख तर नाहीच नाही.

याहून अवघड प्रश्न वर्गवारीचा. जखमी पुष्कळ आणि मदतनीस थोडे असतात तेव्हा स्वयंसेवकाने एकेका जखमीपाशी अर्धे मिनिट थांबावे, श्वास चालू आहे काय ते पाहावे, नसल्यास मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करावा, तरीही श्वास येत नसेल तर पुढे जावे. पुढे जावे! दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी हेच तर करतात. आम्हा धर्मगुरूंना तो दाखला वाचताना नेहमीच थोडे ओशाळल्यासारखे होते, म्हणून हा मुद्दा मला टाळता येत नाही. फरक आहे तो एवढाच, की त्या याजकाच्या वाटेवर पुढे दुसरा जखमी पडलेला नव्हता. तो स्वतःसाठी पुढे गेला. स्वयंसेवक पुढे जातो तो, ज्याचे रक्त अजून वाहत आहे आणि दाबून धरल्यास थांबणार आहे त्याच्यासाठी. पावले सारखीच पडतात, दिशा निराळी असते.

तरीही तो पुढे गेलेला माणूस रात्री झोपत नाही. जे पाप नव्हे ते पाप म्हणून प्रायश्चित्त संस्कारात सांगणारी माणसे प्रत्येक धर्मगुरूने पाहिली आहेत. अशा माणसाला 'तुझी चूक नाही' हे नंतर सांगणे फारसे कामी येत नाही. चारजणांनी आधी एकत्र बसून, शांत चित्ताने ठरविलेला नियम मात्र कामी येतो, कारण तो निर्णय त्याच्या एकट्याच्या माथी राहत नाही. प्रशिक्षणाचा हा लाभ पुस्तिकांतून छापलेला मी पाहिला नाही. मला तो सर्वांत मोठा वाटतो.

नियमाच्या आडोशाला भित्राही लपू शकेल, हे मान्य. त्याला ओळखणे कठीण नाही. बाहेर थांबलेल्या माणसाला घाम आला आहे काय, ते पाहावे. गॅस बंद करणे, माणसे मोजणे, गल्लीतल्या मोटारसायकली हलवून बंबाला वाट करून देणे, कोणत्या खोलीतून हाक आली ते जवानांना दाखविणे, ही सारी बाहेरची कामे आहेत. जो बाहेर उभा राहून केवळ मोबाईलवर चित्रण करतो त्याने 'मी नियम पाळला' असे म्हणू नये.

एका सभेत एका तरुणाने मला सरळ विचारले, "फादर, माझी आई आत असेल आणि हे लोक मला म्हणाले, जाऊ नकोस, तर?" सभागृह स्तब्ध झाले. मी म्हणालो, "बाळा, आईसाठी मरू नकोस असा हुकूम तुला देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तुझ्या तुकडीतल्या तिघांना सोबत ओढण्याचा अधिकार तुलाही नाही. आणि तू ज्या स्लॅबवर पाय देशील तिच्याखाली शेजारच्यांचे मूल असेल, तर?" त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही आणि ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. ज्याचे माणूस आत आहे त्याच्या हाती त्या वेळी तुकडीचे नेतृत्व ठेवू नये, एवढे मात्र त्या सभेत सर्वानुमते ठरले. माझ्या मते तो शहाणपणाचा निर्णय होता.

जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच काढली. आवाजी बेटावरील होकुदान या छोट्या गावात तर शोधकार्य त्याच दिवशी संपले, कारण कोणाच्या घरात कोण कोणत्या खोलीत झोपते हे गावाला ठाऊक होते. आपल्या चार मजली इमारतीत समोरच्या दारामागे किती माणसे राहतात, हे आपल्याला ठाऊक असते काय? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरता येत नाही, तळमजल्यावरचे भाडेकरू रात्रपाळीला जातात, चौथ्या मजल्यावर नुकतेच बाळ आले आहे: हे ठाऊक असणे हेच अर्धे प्रशिक्षण आहे, आणि त्याला हेल्मेट लागत नाही.

त्या सोसायटीत आता एक वही केली आहे. फ्लॅटनिहाय माणसे, त्यांची झोपण्याची खोली, अंथरुणाला खिळलेले कोण, ऑक्सिजनवर कोण. काही कुटुंबांनी आरंभी नावे द्यायला कुरकुर केली, नंतर दिली. वही वॉचमनच्या खोलीत ठेवायचे ठरत होते. तेव्हा एका वृद्ध भगिनीने विचारले, की इमारतच पडली तर वही कुठे शोधायची? आता तिची दुसरी प्रत रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात असते आणि दर तीन महिन्यांनी त्याच भगिनी ती तपासून, कोण आले, कोण गेले, त्याप्रमाणे दुरुस्त करतात.