थंड इंजिनापाशी

गाडी बघायला निघायची घाई नको. आधी बसा. डोळे मिटा आणि तुमचा माल समोर आणा. टोमॅटोचे क्रेट असतील, फरसाणाचे डबे असतील, मंडपाचे पाइप असतील. दिवसाला किती किलो? उचलायचा कुठून, उतरवायचा कुठे, वाटेत घाट लागतो का? किमतीचा विचार मध्ये येईलच. येऊ द्या, पण आत्ता त्याच्याशी बोलू नका. भार ठरल्याशिवाय गाडी ठरत नाही.

समजा, भार पाऊण टनाच्या आत आहे आणि तुम्ही मागे पत्र्याची बंद बॉडी चढवलेली जुनी टाटा एस बघताय. म्हणजे आपला छोटा हत्ती. २००५ साली ही गाडी आली आणि तीनचाकी टेम्पोवर भाडी मारणाऱ्या कितीतरी जणांना चार चाकं आवाक्यात आली. समोर उभ्या असलेल्या गाडीनंही कुणाचं तरी घर चालवलं आहे. तिचे दोष शोधताना एवढा मान मनात ठेवा.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर सीट उचला, खाली इंजिन आहे. त्यावर तळहात ठेवा. थंड लागलं पाहिजे. कोमट लागलं, तर आधीच कुणीतरी सुरू करून ठेवली आहे. का, ते शांतपणे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

आता किल्ली फिरवा. जुन्या मॉडेलात इंडिकाच्या डिझेल इंजिनाचं निम्मं केलेलं, दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं इंजिन आहे. ते थरथरणारच, तो त्याचा स्वभाव आहे. थरथरीला घाबरू नका, सायलेन्सरकडे बघा. सकाळच्या गारव्यात थोडा पांढरा धूर येऊन विरला, तर ठीक. निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल खातंय. रेस दिल्यावर काळा लोट उठला, तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल, पंपाचं काम निघालंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. तिथून जोरात वाफारा आला, तर रिंगा, पिस्टन झिजलेत. हे सगळं बघायला पाच मिनिटं पुरतात, पण तुम्ही पंधरा मिनिटं उभे राहा. गरम झाल्यावर आवाज बदलतो का, ते कान देऊन ऐका.

मग मागे या. मला विचाराल, तर गाडीचं खरं चरित्र हौद्यात असतं. दार उघडून आत वाका आणि कोपऱ्यांतून बोट फिरवा. करडी, चिकटून बसलेली पूड निघाली, तर सिमेंट वाहिलंय, मग खाली पाटे बघायलाच हवेत. मासळी वाहिलेल्या गाडीत वास धुऊन जातो, पण खारं पाणी सांध्यांत शिरलेलं असतं. तिथे पत्रा नखानंही सोलून निघतो. आता खाली बसा. पाट्यांची पानं सपाट झालीत का? एखादं पान तुटलंय का? चेसिसवर एवढ्याच जागी ताजा काळा रंग का? तिथे वेल्डिंग असू शकतं. ओव्हरलोड मारलेली गाडी इथे लपत नाही.

केबिनमध्ये मीटरकडे शेवटी बघा. आधी क्लचच्या पेडलचं रबर बघा. ते गुळगुळीत झालंय आणि मीटर मात्र कोवळा आकडा दाखवतोय, तर मी रबरावर विश्वास ठेवेन.

कागदांना वेळ कमी लागतो, पण सूट देऊ नका. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का? पासिंग कधीपर्यंत आहे? आठ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी करावं लागतं. चेसिस नंबर कागदावरून नव्हे, गाडीवरून वाचा. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. गाडी घेतलीच, तर विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका.

आता मालक म्हणेल, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. खरंही असेल. छातीत होणारी धडधड ओळखा, ती घाई गाडीची नाही. एक श्वास घ्या. तुमच्या मालाइतकाच भार हौद्यात टाकून चढावर एक फेरी मारायची आहे, असं नम्रपणे सांगा. तो हो म्हणाला, तर भार आणा. नाही म्हणाला, तर टोकनचे पैसे खिशातच राहू द्या आणि पुढची गाडी बघायला जा.