शांतीचे अभिवादन

पवित्र मिस्सेत ख्रिस्तप्रसाद ग्रहण करण्यापूर्वी धर्मगुरू आपणांस परस्परांना शांती देण्यास सांगतात. आपण उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, हात जोडतो. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे तो मात्र बहुधा दोन बाके पुढे, पाठमोरा असतो. वाडीच्या बांधावरून झालेल्या वादानंतर गेली चार वर्षे माझे व माझ्या चुलतभावाचे असेच चालले आहे. भांडण नाही, शिवीगाळ नाही. घरची माणसे म्हणतात, "जाऊ द्या, निदान शांतता तरी आहे."

सान साल्वादोरचे आर्चबिशप संत ऑस्कर रोमेरो यांचे चरित्र वाचताना ही शांतता मला टोचू लागली. १९७७ च्या फेब्रुवारीत त्यांनी पदाची सूत्रे घेतली, ती वादापासून दूर राहणारा, ग्रंथांत रमणारा माणूस म्हणून. एल साल्वादोरमधील धनिकांना ही नेमणूक रुचली होती. १२ मार्च रोजी शेतमजुरांत काम करणारे त्यांचे स्नेही फादर रुतिलिओ ग्रांदे, आणि त्यांच्यासमवेत एक वृद्ध व एक मुलगा, गोळ्या घालून मारले गेले. २० मार्चच्या रविवारी रोमेरोंनी साऱ्या सरधर्मप्रांतात कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. सरकारी समारंभांना जाणे त्यांनी थांबविले. पुढे दर रविवारी त्यांच्या प्रवचनातून, नभोवाणीवरून, मारल्या गेलेल्यांची व बेपत्ता झालेल्यांची नावे घरोघरी ऐकू येऊ लागली. बंडखोरांच्या हिंसेलाही त्यांनी आशीर्वाद दिला नाही. शांतता बिघडविल्याचा ठपका मात्र त्यांच्यावरच आला. काही सहकारी बिशपही त्यांत होते. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना हत्येचे हुकूम न पाळण्याचे आवाहन केले आणि दुसऱ्याच दिवशी वेदीपाशी त्यांना गोळी लागली.

त्यांच्या बोलण्याने युद्ध टळले नाही. ते १९९२ पर्यंत चालले, सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. मग साधले काय, असे कोणी विचारील. विचारावेच. परंतु ते गप्प राहिले असते तर जी शांतता उरली असती, ती बंगल्यांतली. शेतमजुरांच्या झोपड्यांत ती केव्हाच उरली नव्हती.

दुसरा गाल पुढे करण्यास सांगणाऱ्या प्रभूला प्रमुख याजकापुढे चपराक बसली, तेव्हा त्याने हात उगारला नाही. पण मुकाट सोसलेही नाही. मारण्याचे कारण विचारले. संत योहानाने हे नोंदवून ठेवले आहे. आणि संत मत्तयाच्या शुभवर्तमानात तर माझी पुरती कोंडी होते. माझ्या भावाच्या मनात माझ्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशी ठेवून मी त्याच्याकडे जावे; त्यानेच माझा अपराध केला असेल, तरीही एकांतात मीच जावे. म्हणजे दोष कोणाचा हे ठरण्याआधीच पाऊल मी उचलायचे!

माझ्याजवळच्या नकाशात बांध माझा आहे, त्याच्याजवळच्या नकाशात त्याचा. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर मी त्याच्या घरी जाणार आहे. नकाशा सोबत न्यावा की नाही, हे अजून ठरलेले नाही.