उणे तीन लाख

अपरिग्रह सांगणाऱ्या जैन धर्मातल्या आचार्याने व्याजाची गणितं का शिकवावीत? नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आरंभी जिनवंदना आहे आणि पुढे मुद्दल, व्याज, मुदत यांची उदाहरणं. 1963 साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत तो निघाला, तेव्हा मालेच्या संपादकांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवलेले डॉ. आ. ने. उपाध्ये होते. व्रत आणि व्याज यांत अनेकांना विसंगती दिसते. मला वाटतं, इथे व्रतालाच गणिताची गरज आहे.

श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, साधूसारखं सर्वस्व सोडायचं नसतं. त्याचं व्रत परिग्रह-परिमाणाचं. किती ठेवायचं ते आधी आखून घ्यायचं, आणि आखायचं तर हिशेब आला. शाळेतलं उदाहरण घ्या. दोन लाख रुपयांपैकी काही बँकेत 8 टक्क्यांनी, उरलेले दुसरीकडे 12 टक्क्यांनी. वर्षाला 18,000 हवेत. बँकेतली रक्कम क्ष धरली तर 0.08क्ष + 0.12(2,00,000 − क्ष) = 18,000, म्हणजे क्ष दीड लाख. आता हाव वाढवू. तेवढ्याच पैशांवर 36,000 हवेत. समीकरण कानावर हात ठेवत नाही, निमूट सांगतं: उणे तीन लाख. म्हणजे तीन लाखांचं कर्ज काढा, पाच लाख 12 टक्क्यांनी गुंतवा. 60,000 येतील, 24,000 व्याजात जातील. (बँक ठेवीच्या दराने कर्ज देत नाही, तेव्हा खरं उत्तर याहून कडू.) बीजगणित इच्छेला अडवत नाही, पण ती कुणाच्या पैशावर उभी आहे हे झाकूही देत नाही.

पण 12 टक्के मिळतीलच कशावरून? आक्षेप रास्त आहे. दरमहा घसघशीत परताव्याच्या आमिषाला कोल्हापुरातही लोक फसले. त्यांची बेरीज बरोबर होती, गृहीत खोटं होतं. ‘लीलावती’ या जुन्या गणितग्रंथातल्या एका उदाहरणात दरमहा शेकडा 5 दराने वर्षाअखेर 1,000 झाले तर मुद्दल 625 येतं. वर्षाला 60 टक्के! असा दर कोणता धंदा पेलेल, एवढं त्या उदाहरणापाशी थांबून विचारलं तरी पुष्कळ.

याहून जड आक्षेप वेगळा आहे. मर्यादा ज्याची त्याने आखायची, तर कोट्यधीश शंभर कोटींची रेघ ओढून व्रतस्थ म्हणवेल. याला व्रताकडे उत्तर नाही, हे मान्य करावं लागतं. म्हणून हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम मला अधिक धीट वाटतो: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त नको. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंना तो लागू केला. दरमहा 5 टक्क्यांनी वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं. एकविसाव्या महिन्याचं व्याजही समीकरण बिनचूक काढून देईल. ते सावकाराला मिळू नये, हे मात्र समीकरणावर बाहेरून लादावं लागलं.