साप कोंडून ठेवणे : अहिंसेच्या कसोटीवर

धामण आणि धूळनागीण हे बिनविषारी, अतिशय चपळ आणि मुख्यतः दिवसा फिरणारे साप आहेत. त्यांचे एक ठिकाण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे काळे, ज्वारीचे रान. धान्यामागे उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन दोघांनाही आसरा देते. पिकाचे राखणदार असूनही या सापांच्या वाट्याला संशयच येतो. डिवचलेली धूळनागीण मान उभारून चपटी करते आणि नाग समजून मारली जाते. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हा समजही खोटा आहे. सापाच्या तोंडाची ठेवण आचळ चोखण्याजोगी नसते.

माणूस सापाला मारतो, पूजतो किंवा धरून ठेवतो. पहिल्या दोन रीतींमधली विसंगती बाराव्या शतकात बसवेश्वरांनी उघड केली. कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जाण्यापूर्वी ते मंगळवेढ्यात कलचुरी बिज्जलाच्या सेवेत होते. दगडाच्या नागावर दूध ओतणारे लोक खरा नाग दिसताच मारा म्हणतात, या अर्थाचे त्यांचे कन्नड वचन प्रसिद्ध आहे.

तिसऱ्या रीतीत पूजा आणि पीडा एकाच मडक्यात नांदतात. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी नागांबरोबर धामणीही धरून ठेवण्याची प्रथा होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नागांच्या या प्रथेला पायबंद घातला.

धर्मविचाराने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत : बंध, वध (म्हणजे मारहाण), छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यात बांधून ठेवणे मारहाणीच्या आधी येते. गारुड्याच्या टोपलीला हे सूत्र लावले तर कोंडणे हा बंध, दात उपटणे हा छेद, आणि दूध प्यावे म्हणून आधी तहानलेले ठेवणे हा अन्नपाननिरोध. दूध हे सापाचे अन्नच नाही. घशाला कोरड पडलेला साप पुढे येईल तो द्रव पितो, आणि भाविकाला नैवेद्य पावल्यासारखे वाटते.

हौसेने पाळणारा दात उपटणे किंवा तहानलेले ठेवणे यातले काही करत नाही. तो वेळेवर उंदीर आणि पाणी देतो. तरी बंध उरतोच. धामण दोन मीटरहून लांब वाढते. ऊन-सावली बदलत ती अंगाची ऊब राखते आणि धावून भक्ष्य गाठते. पेटीत ठेवलेली धामण कडेकडेने फिरत राहते, जाळीच्या फटीत नाक खुपसते. घासून घासून नाकाचे खवले सोलवटतात. पोट भरलेले असूनही ती वाट शोधत असते.

बाहेर कोणीतरी मारेल म्हणून ठेवली, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. जखमी सापाला उपचारापुरते ठेवावेच लागते आणि ते काम वन विभागाच्या माहितीने होते. मात्र तिथे बंधाची मुदत जखम ठरवते. हौसेत ती पाळणाऱ्याच्या मनावर असते. म्हणून जखम भरताच उघडणारी पेटी व्रतात बसते, आणि माया म्हणून बंदच राहणारी पेटी अतिचारात मोडते.