आडवी बाटली, उभी चिलीम

दिवाळी नुकतीच उलटली होती. विधानसभेच्या अर्ज माघारीची मुदत संपून दोन दिवस झाले होते आणि प्रचाराच्या रिक्षा नाशिकच्या मालेगाव स्टँडच्या उतारावरून नव्या गाण्यांसह फिरू लागल्या होत्या. त्या संध्याकाळी, म्हणजे 6 नोव्हेंबर 2024 ला, फ्लोरिडातल्या मावसभावाचा निरोप आला : ‘ट्रम्प आला, गांजा पडला. 56 टक्के मतं घेऊन पडला.’ टपरीवर मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्यातले निवृत्त मास्तर कपबशी खाली ठेवत म्हणाले, ‘छपन्न टक्के घेऊन पडतो कसा? इथं पस्तीस टक्क्यांत आमदार होतो.’

मग समजावणं आलं. फ्लोरिडात आदल्या दिवशी मतदारांनी अध्यक्ष निवडला आणि त्याच मतपत्रिकेवर आणखी एका प्रश्नाला हो-नाही असं उत्तर दिलं : सज्ञान माणसाला गांजा बाळगायची, ओढायची मुभा राज्यघटनेत घालायची का? तिथं घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात. बहुमत मिळालं, पण उंबरठा ओलांडता आला नाही. गंमत अशी की गव्हर्नर डीसँटिस कडाडून विरोधात होते आणि त्यांच्याच पक्षाचे ट्रम्प बाजूनं. प्रचाराचा बहुतेक पैसा ट्रूलीव्ह नावाच्या, औषधी गांजा विकणाऱ्या कंपनीनं ओतला होता. हे ऐकून मास्तरांना जरा हायसं वाटलं. पैसा कुठून आला हे कळलं की आपल्याला कुठलीही निवडणूक ओळखीची वाटू लागते.

आपलं मतदान दोन आठवड्यांनी, 20 नोव्हेंबरला होतं. कांदा होता, लाडक्या बहिणीचे दीड हजार होते, आरक्षण होतं. ‘ड्रग्ज’ही होते. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर 2023 मध्ये, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना उघडा पाडला होता. तीनशे कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत झळकला, ठाकरेंच्या शिवसेनेनं शहरात मोर्चा काढला आणि तेव्हापासून ‘नाशिकचं उडता पंजाब’ हे वाक्य प्रत्येक भाषणात सुटं नाणं असावं तसं खिशातून निघू लागलं. त्या एका शब्दात सगळंच कोंबलं जातं : कारखान्यात रसायनांपासून बनवलेली मेफेड्रोनची पावडरही, आणि कॉलेज रोडवरच्या पोराच्या खिशातली गांजाची पुडीही. कोणत्याही पक्षानं या दोन गोष्टी वेगळ्या करून मतदारांसमोर ठेवल्या नाहीत. त्यांचं एक बरोबर होतं. आम्हीही तशी मागणी कधी केली नव्हती.

त्या संध्याकाळी टपरीवर मात्र मतदान झालं. मास्तर विरोधात. हार्डवेअरचं दुकान असलेला तरुण बाजूनं : ‘दारू चालते, मग हे का नाही?’ तिसरे गृहस्थ, मूळचे त्र्यंबकचे, म्हणाले, ‘साधूंना चालू द्यावं, बाकीच्यांना नको.’ मला ही तिसरी बाजू सगळ्यांत प्रामाणिक वाटली. हसू येतं, पण नाशिकचं खरं धोरण हेच आहे आणि ते कुठल्याही राजपत्रात छापलेलं नाही.

2015 च्या सिंहस्थात मी तपोवनात साधुग्राम पाहायला गेलो होतो. धुनीभोवती बसलेले साधू, चिलमीच्या बुडाशी ओली साफी गुंडाळलेली, ‘बम भोले’चा गजर आणि झुरक्यासरशी उठणारा जाळ. समोर सहकुटुंब आलेली माणसं पाया पडत होती, पोरांना पुढं ढकलत होती. त्यात खटकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. त्या साधूच्या जागी आमच्या गल्लीतल्या पोराच्या हातात तीच वस्तू दिसली असती तर मी त्याच्या बापाला फोन केला असता. वस्तू तीच, हात बदलला. आपल्या वादात वस्तूच्या गुणदोषांपेक्षा हाताची किंमत जास्त असते.

वाइनचंही तेच झालं. 27 जानेवारी 2022 ला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी दिली, तेव्हा राज्याचं ‘मद्यराष्ट्र’ होणार म्हणून भाजपनं रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. नाशिक जिल्ह्यात मात्र सूर वेगळा होता. वाइन म्हणजे द्राक्ष, द्राक्ष म्हणजे शेतकरी, आणि शेतकरी म्हणजे मत. निर्णय पुढं कागदावरच राहिला. पण शेतकऱ्याच्या हातात बाटली दिली की ती फळासारखी दिसते, हे तेव्हा कळलं. (तसं महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. टपरीवर हे सांगितल्यावर दोघांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं.)

त्याआधी काही महिने, ऑगस्ट 2021 मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला होता : कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या, मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून लागवड करीन. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. असेलही. पण लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर उभा करून लिलावाची वाट पाहिलेल्या माणसाला त्या अर्जातला कडवटपणा शिकवावा लागत नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात एका अधिसूचनेनं बंद झाली आणि मे 2024 मध्ये, ऐन लोकसभेच्या प्रचारात, उठली. मधल्या पाच महिन्यांत जे सोसलं त्याचा हिशेब दिंडोरीच्या मतदारानं मतपेटीत चुकता केला. कायदेशीर पिकाच्या बाबतीत सरकार असं वागतं, तर बेकायदा पिकाचं आमिष कुणालाही पडेल.

थायलंडमध्ये हे आमिष निवडणुकीच्या जाहीरनाम्यातच होतं. 2019 मध्ये भूमजाईथाई पक्षानं घरटी सहा झाडं लावायची मुभा देऊ, हे नगदी पीक होईल असं सांगून मतं मागितली. 2022 मध्ये गांजा निषिद्ध यादीतून बाहेर आला, शहरांतून गांजाची दुकानं पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली, आणि जून 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. शेतकऱ्याच्या नावानं उघडलेलं दार शेवटी दुकानदाराच्या सोयीचं झालं. ट्रूलीव्हचा पैसा आठवावा.

आपल्याकडं कोणी म्हणेल, हा दिल्लीचा विषय आहे, विधानसभेत कशाला? ते तितकंसं खरं नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 10 भांगेच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचे, तिचं नियमन करण्याचे अधिकार राज्यांना देतं. उत्तराखंडनं 2018 मध्ये तागासारख्या उपयोगासाठी असा परवाना दिला, हिमाचलच्या विधानसभेत 2024 मध्ये लागवडीच्या अहवालावर चर्चा होऊन ठराव झाला. म्हणजे नाशिकच्या मतदारानं आमदाराला हा प्रश्न विचारणं अगदीच अस्थानी ठरत नाही.

आणि कायद्यातली व्याख्या तर वाचण्यासारखी आहे. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीची भांग केंद्राच्या या कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या अबकारी नियमांवर सोडली जाते. एकाच झाडाचं पान सोवळं, शेंडा ओवळा. ‘तुळशीत भांग’ हा वाक्प्रचार आपण चांगल्यात शिरलेल्या वाइटासाठी वापरतो. कायद्यानं भांगेतच तुळस शोधून काढली. हा काही विनोद म्हणून घातलेला भाग नाही. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात पानं वगळली गेली आणि गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची सवलत मिळाली. ती मुदत संपण्याआधी, 16 सप्टेंबर 1985 ला, कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि 14 नोव्हेंबरला तो लागू झाला.

मला त्याआधीची एक गोष्ट जास्त छळते. 1893 मध्ये ब्रिटिश सरकारनं याच प्रश्नावर आयोग नेमला. सातजणांच्या त्या आयोगात तीन हिंदी सभासद होते. त्यांनी गावोगावचे कलेक्टर, डॉक्टर, व्यापारी, वैद्य मिळून 1,193 साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की माफक सेवनानं फारशी हानी होत नाही, अतिरेकानं होते, आणि सरसकट बंदी गरजेची नाही, शहाणपणाचीही नाही. सरकार परकं होतं, त्याचा डोळा महसुलावर होता, आणि त्या काळचा गांजा आजच्या जोरकस वाणांइतका तीव्र नव्हता, हे सगळं मान्य. पण विचारलं तरी. मताचा अधिकार नसलेल्या देशात बाराशे माणसांना विचारलं गेलं आणि मताचा अधिकार मिळाल्यावर आम्हाला एकदाही नाही.

एकदाही नाही, असं मी टपरीवर ठसक्यात म्हणालो आणि तिथंच फसलो. चहा गाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘आमाला इचारलं होतं की. बाटलीला.’

खरंच की. महाराष्ट्रात नशेवर मत द्यायची सोय आहे, आणि ती बायकांनी लढून मिळवलेली आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाव महिला मतदारांनी सही केली तर दारूच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. मावशींच्या सासरच्या गावी आलेल्या बहुतेक सगळ्यांनी बाटली आडवी केली होती. ‘पन मळ्यातल्या, ऊसतोडीला गेलेल्या, आन् मेलेल्या बी यादीत हुत्या,’ त्या म्हणाल्या. दुकान राहिलं. फ्लोरिडाचे 56 टक्के ऐकून मास्तर चकित झाले होते. मावशींना त्यात नवल वाटलं नाही.

एवढा फरक मात्र आहे. आडव्या बाटलीचं मत दुकानावर असतं. हरलं तरी कुणी तुरुंगात जात नाही, जिंकलं तरी पिणाऱ्याच्या हातात बेडी पडत नाही. गांजाच्या बाबतीत दुकान आणि माणूस हे दोन प्रश्न आपण एकाच चित्रात कोंबले आहेत. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी अल्प प्रमाण. त्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळखीतल्या एकाच्या मुलाकडं पुडी सापडली, तेव्हा घरात शिक्षेपेक्षा पासपोर्टची, नोकरीच्या चौकशीची आणि सोयरिकीची धास्ती जास्त होती. तो पोरगा पुढं नीट मार्गी लागला, पण बाप दोन वर्षं रस्त्यात मान वर करून चालला नाही. केंद्रीय सामाजिक न्याय खात्याच्या 2019 च्या अहवालानुसार देशात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे 3.1 कोटी, त्यांत गांजा-चरस घेणारे 1.3 कोटींच्या आसपास. दारू पिणारे 16 कोटी. तुरुंगाच्या धाकानं सुटणारं हे गणित नाही.

माझं मत विचाराल तर दुकानाला नाही, बेडीलाही नाही. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे मी डॉक्टर मित्रांकडून पुरेसं ऐकलं आहे; म्हणून जाहिरात, रंगीत पाकीट, फ्रँचायझी यांतलं काहीही मला गंगापूर रोडवर नको. पण ज्याच्या खिशात पुडी आहे त्याला आधी दवाखान्याचा पत्ता मिळावा असं वाटतं. ऑरेगनच्या मतदारांनी 2020 मध्ये सगळ्याच अमली पदार्थांच्या बाबतीत असं करून पाहिलं, उपचारांची व्यवस्था मागं पडली, रस्त्यावर हाल दिसू लागले आणि 2024 मध्ये तिथल्या विधिमंडळानं पाऊल मागं घेतलं. तेव्हा माझ्या मताला घाईनं टाळ्या मिळू नयेत. जिल्ह्यात व्यसनमुक्तीची किती खाटांची सोय आहे, हा प्रश्न आधी यायला हवा, आणि त्याला चिन्ह नसतं.

मास्तरांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते धरसोडीचं आहे असा निकाल दिला. त्र्यंबकचे गृहस्थ साधूंवर ठाम होते. पुढचा सिंहस्थ 2026-27 चा आहे, तेव्हा बघू म्हणाले. मावशी पातेलं घासत होत्या. उठताना त्यांनी विचारलं, ‘त्या तुमच्या अमेरिकेत कागदावर चित्र कसलं हुतं? चिलीम?’

चित्र नसतं, नुसतं लिहिलेलं असतं, मी म्हणालो.

‘मग वाचता न येनारीनं कसं द्यायचं?’ त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा त्यांनी मोरीत ओतला.