जुन्या गाडीची किंमत (गीता, अध्याय 6, श्लोक 32)



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की स्वतःवरून दुसऱ्याचं सुख-दुःख जो ओळखतो आणि सगळीकडे ते सारखंच मानतो, तो योग्यांमध्ये श्रेष्ठ. हा श्लोक मी कित्येकदा वाचलाय. या वेळी मात्र तो एका सौद्यात आडवा आला.

दिवाळीत पिंपळगाव बसवंतला घरी गेलो होतो. आप्पांचे गुडघे गेलेत, त्यांना आता गाडी चालवता येत नाही. त्यांची डिझेल सेडान, 2012 ची, एमएच 15, फर्स्ट ओनर, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. ती विकून पैसे गुडघ्याच्या ऑपरेशनला लावायचे असं ठरलं.

सवयीप्रमाणे मी एक्सेल उघडली. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा एक तक्ता असतो. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, असं करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. तिथे तक्ता संपतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची. पुढे बाजाराचा हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीलाही खाली यावं लागतं. शिवाय आरसीची 15 वर्षं संपत आली, म्हणजे घेणाऱ्याला पुढे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच. सगळं वजा करून आकडा आला दोन लाख तीस हजार.

एक रकाना मात्र मी रिकामा ठेवला होता. 2017 मध्ये ओझरजवळ ही गाडी ठोकली होती, पुढची डावी बाजू. चॅसी सरळ करून घेतली, डेंटिंग-पेंटिंग केलं. क्लेम केला नाही, पैसे खिशातून भरले, त्यामुळे कुठे नोंदही नाही. गाडी छान चालते. फक्त ऐंशीच्या पुढे जोरात ब्रेक मारला की डावीकडे ओढते.

बघायला आला तो मार्केटमध्ये एका टोमॅटो व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा, माझ्याहून थोडा लहान. त्याने विचारलं, "दादा, इंजिनचं काही काम निघेल का?" मी म्हणालो, "इंजिनला काहीच नाही." खरंच बोललो. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

रात्री झोप लागेना. मोबाईलवर कायदा शोधला. खरं सांगतो, परवानगी शोधत होतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 सापडलं. त्यात घोड्याचं उदाहरण आहे. घोड्यात दोष आहे हे माहीत असून मालकाने लिलावात तो विकला आणि काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. मला हायसं वाटलं. पण लगेच पुढचं उदाहरण होतं. घोडा घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. म्हणजे घोडा तोच, दोष तोच. परक्यापुढे गप्प बसलेलं चालतं, मुलीपुढे नाही.

सकाळी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "विचारलं तर सांग. आपणहून कशाला?" मला आश्चर्य वाटलं, कारण कांद्याची ट्रॉली भरताना आप्पा वर एक आणि खाली एक असं कधी करत नसत. पण त्यात एक गोष्ट होती. लिलावात भाव वरचा माल बघून होतो, तरी व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली खाली केली की तळाचा कांदा त्याच दिवशी दिसतो, वांधा होतो, भाव तुटतो. गाडीचा तळ कधी दिसेल? दोन वर्षांनी, महामार्गावर, एखादा ट्रक अचानक थांबल्यावर. तेव्हा मी पुण्यात असेन.

संध्याकाळी तो टोकन द्यायला आला. सोबत बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी हट्टाने पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली आणि डॅशबोर्डवरचा गणपती हलवून बघू लागली. मी आप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. म्हणाले, "सांगून टाक."

सांगितलं. ओझर, चॅसी, ब्रेक, सगळं. तो गप्प झाला आणि टोकन न देताच गेला. आठ दिवसांनी मिस्त्रीला घेऊन आला, गाडी खालून वरून तपासली, दुरुस्तीचा खर्च काढला आणि एक लाख पासष्ट हजारांना सौदा झाला. आप्पांनी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. ऑपरेशनला कमी पडतील ते मी घालणार आहे.

खरेपणापायी 65 हजार गेले असं मला दोन दिवस वाटत होतं. मग हिशेब नीट मांडला. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून एक लाख पासष्टच होती. वरचे 65 हजार त्याला माहीत नसलेल्या गोष्टीचे होते. ते आमचे कधी नव्हतेच.

पण मंडळी, स्वतःला शाबासकी द्यावी असं यात काही नाही. ती पोरगी आली नसती तर मी बोललो असतो का? ठाऊक नाही. समोरचा परका आपला वाटायला मला एक लहान मूल सीटवर बसलेलं दिसावं लागलं. श्लोक तर म्हणतो, कुणी दिसो न दिसो, सगळीकडे सारखंच.

उद्याच्या श्लोकात अर्जुन नेमकं हेच बोलतो. देवा, तू सांगितलेली ही समदृष्टी या चंचल मनात टिकेल असं मला दिसत नाही, असं तो सरळ कबूल करतो. मला अर्जुन फार जवळचा वाटला. तोवर तुमच्या एखाद्या व्यवहारात असा रिकामा रकाना राहिलाय का, तेवढं बघा.

राम कृष्ण हरी.